उसनवारी

कॉलेजात होता तोवर त्याच्याकडं स्वतःचा कंगवा नव्हता. केस मात्र रोज नीट विंचरलेले. धाराशिवच्या आमच्या वसतिगृहात सकाळी दारावर टकटक झाली की आतला मुलगा वर न बघताच कंगवा पुढं करायचा. तो तिथंच उंबऱ्यात उभा राहून भांग पाडायचा आणि तेवढ्या वेळात घरची म्हैस व्याली का, बहिणीचं कुठं जमलं का, रात्री पोट दुखत होतं ते राहिलं का, सगळं विचारून घ्यायचा. कंगवा परत यायचा तेव्हा त्याचा एखादा दात कमीच झालेला असायचा. तरी दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तोच कंगवा पुन्हा द्यायचा. हे मला कधी कळलं नाही. कळलं नाही म्हणण्यापेक्षा आवडलं नाही म्हणतो, ते जास्त खरं आहे.

माझ्याकडं कंगवा होता. साबणाची झाकणाची डबी होती, बादलीवर रंगानं माझं नाव होतं, पेटीला कुलूप होतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कळंबच्या बाजारात आडतीवर हमाल होते. ज्वारीची, तुरीची, सोयाबीनची पोती पाठीवरून वाहण्यात त्यांची उमर गेली. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. मला कॉलेजला पाठवताना एसटीच्या खिडकीशी येऊन त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, "कुनाफुडं हात पसरायचा न्हाय." दादा मुळात बोलायचेच कमी, त्यामुळं जे बोलले ते मी शब्दाला शब्द पाळलं.

तो पहिल्याच आठवड्यात माझ्याही दाराशी आला होता. "कंगवा आसंल तर द्या, नसंल तर जरा बसतो," म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. काहीही मागायचं तरी शेपटाला हे असायचंच. मी म्हटलं, "बाजारात मिळतो." तो हसला, "व्हय की," म्हणाला आणि शेजारच्या खोलीकडं गेला. पुन्हा त्यानं माझं दार कधी वाजवलं नाही. बाकी सगळ्यांची वाजवली.

मुलं त्याला उसन्या म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. लांब मानेचा, किडकिडीत, अंगातला सदराही बहुतेक दुसऱ्याचा असल्यानं खांद्यावर कधी उतरलेला, कधी चढलेला. चप्पल बदलत असायची. पैसे मात्र त्यानं कधी कुणाकडं मागितले नाहीत. आणि आणखी एक गोष्ट होती, भांडं रिकामं परत करायचं नाही हे बायांचं शास्त्र तो तंतोतंत पाळायचा. वाटी नेली तर येताना त्यात चार बोरं असायची, बादली नेली तर तळाशी कुठून तरी आणलेला चिंचेचा आकडा. प्राचार्यांची छत्री त्यानं एकदा नेली होती. पावसाळा सरल्यावर परत केली तेव्हा तिच्या दांड्याला चाफा खोवलेला होता. प्राचार्य रागवायचे विसरले, असं शिपायानं सांगितलं.

परीक्षेला तो पेनाशिवाय यायचा. एकदा पर्यवेक्षक म्हणून आलेल्या बाईंकडंच त्यानं पेन मागितलं. बाई फार कडक. त्यांनी त्याला उभं करून सगळ्यांदेखत झापलं आणि मग पर्समधलं पेन दिलं. पेपर संपल्यावर तो पेन परत करायला गेला, तो कितीतरी वेळ आलाच नाही. बाईंचा मुलगा पुण्याला असतो, महिना महिना फोन करत नाही, बाई त्याची वाट बघत जेवायच्या राहतात, हे सगळं आम्हाला त्या दिवशी त्याच्याकडून कळलं. मी त्या बाईंच्या तासाला पहिल्या बाकावर बसायचो. त्यांना मुलगा आहे हेच मला माहीत नव्हतं.

आमच्या कॉलेजात सेवा योजनेचं पथक होतं. ते चालवणारे सर हे माझ्या आयुष्यातलं मोठं भाग्य. पहिल्या वर्षाला त्यांनी मला वर्गातून बाहेर बोलावून विचारलं, "येतोस का आमच्यात?" तोवर मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं. मी त्या दिवसापासून पथकाचा झालो. शनिवारी कॉलेजचं आवार झाडायचं, झाडांना पाणी घालायचं, मतदार जागृतीच्या फेरीत पुढं फलक धरायचा, यातलं एकही काम मी चुकवलं नाही. दुसऱ्या वर्षी सरांनी मला गटप्रमुख केलं. माझ्यामुळं घराला काही मान मिळेल तर तो इथंच, असं मला वाटायला लागलं.

तोही पथकात होता. शनिवारच्या झाडलोटीनंतर पोहे मिळायचे म्हणून आला होता, हे तो कुणालाही सांगायचा. खराटा हातात धरून तो माळ्याशी गप्पा मारत बसायचा, कारण खराटा माळ्याचाच असायचा. रक्तदान शिबिरात सगळ्यात आधी मी झोपलो, रक्त दिलं. त्याला डॉक्टरांनी वजन कमी म्हणून बाजूला काढलं. मग तो दिवसभर खाटांच्या मधे स्टूल टाकून बसला. ते स्टूलही परिचारिकेकडून मागून घेतलेलं. घाबरलेल्या मुलांना काहीबाही सांगून हसवत राहिला. पुढं कॉलेजात त्या दिवसाचा विषय निघाला की मुली म्हणायच्या, तो होता म्हणून सुई कळली नाही. रक्त माझं गेलं आणि आठवण त्याची राहिली.

शेवटच्या वर्षी हिवाळी शिबिर तेरच्या अलीकडच्या एका गावात होतं. मुक्काम शाळेत. काम होतं गावकुसाबाहेरच्या वस्तीत शोषखड्डे खणायचं, कारण नळाचं सांडपाणी वाटेत साचून तिथं डास फार झाले होते. निघण्याआधी सरांनी आम्हाला गोळा करून बजावलं की गावात कुणाकडून काही घ्यायचं नाही, चहा नाही, पाणी नाही, भाजीची काडी नाही. आदल्या एका वर्षी मुलांनी न विचारता कुणाच्या मळ्यातला ऊस मोडला होता आणि त्यावरून बरीच बोलाचाली झाली होती. तेव्हापासूनचा हा नियम. "आपण द्यायला जातोय, घ्यायला नाही," सर म्हणाले. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहून शाळेच्या व्हरांड्यात टेकवून ठेवलं.

नियम पाळून घ्यायची जबाबदारी माझी होती. आम्ही पाण्याचे जार बरोबर नेत होतो, दुपारचं जेवण शाळेतून डब्यात यायचं. पहिल्या दिवशी ऊन चढल्यावर वस्तीतली एक म्हातारी, आम्ही तिच्याच दारापुढं खणत होतो, तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. मी हात जोडून म्हणालो, "नको आजी. आम्हाला चालत नाही." माझ्या मागं सगळी रांग तसंच म्हणाली. आजी तांब्या तसाच घेऊन आत गेली. आपण शिस्तीत वागलो म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतलं कुणी कामाला आलं नाही. आदल्या दिवशी दोन-चार पोरं टिकाव घेऊन आली होती, तीही आली नाहीत. संध्याकाळी शाळेपुढं आम्ही कार्यक्रम ठेवला, गावातली माणसं आली, वस्तीतून कुणी आलं नाही. माणसं दारं लोटून घेत. आम्ही त्यांच्या दारापुढं खड्डा खणायचो आणि आतून भांड्यांचे आवाज यायचे, एवढंच. सर काळजीत पडले. मी सुचवलं की प्रभातफेरी वस्तीतून दोनदा काढू, घोषणा मोठ्यानं देऊ. काढली, दिल्या. एका घरातून कुत्रं तेवढं बाहेर आलं.

आणि हा त्या वस्तीत खुशाल हिंडत होता. हजेरीला नाही, खड्ड्यावर नाही. एकदा तर तो आजीच्याच ओट्यावर बसून ताक पिताना मला दिसला. मी सरांना सांगितलं. सांगणं माझं कामच होतं. सर माझ्याबरोबर तडक तिकडं आले. मी मागं उभा होतो आणि आज त्याची खोड मोडणार म्हणून मनातून खूश होतो.

सर त्याला काही बोलायच्या आतच आजी उठली. पदर सारखा करून म्हणाली, "सायेब, ह्या पोराला बोलू नगा. तुमची समदी पोरं आमच्या दारात खंदतेत आन् आमच्या हातचं पानी त्यास्नी चालत न्हाय. म्या तांब्या घिऊन गेले तर हात जोडून म्हनली, चालत न्हाय. इतकी वर्सं झाली, गावानं चालत न्हाय म्हनलं, ते ठावं हाय आमास्नी. तुमी शिकलेली पोरंबी तेच म्हनाया लागलाव. मग कुनाचं खड्डं आन् कुनाचं काय. ह्यो एकला आला. म्हनला, आजे, विरजन आसंल तर दे, नसंल तर जरा बसतो."

सर चपला काढून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माय, मला पाणी दे." आजीनं तांब्या आणला. सर प्याले. मग माझ्याकडं बघितलं, आणि मीही प्यालो.

तो नियम सरांनी संध्याकाळच्या सभेत सगळ्यांसमोर मागं घेतला. चूक नियमाची होती, मुलांची नाही, असं ते स्वच्छ म्हणाले. माझ्या मनाला त्यानं थोडं बरं वाटलं, पण त्यांचा हात त्या वेळी ज्याच्या खांद्यावर होता तो मी नव्हतो. पुढचे दिवस वस्तीतली माणसं आमच्या बरोबरीनं खड्ड्यात उतरली. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचं उसनं पोरगं कुठं गेलं?" विचारायची. मी तिच्या दारापुढचा खड्डा खणला, वाळू टाकली, विटांचे तुकडे भरले. तिला माझं नाव पाठ झालं नाही.

एकदा मी त्याला धरून विचारलं होतं. म्हटलं, "तू हे मुद्दाम करतोस का? लोक जवळ यावेत म्हणून?" मला वाटलं होतं, तो काही तरी मोठं बोलेल, म्हणजे मला त्याचा राग तरी नीट करता येईल. तो बुचकळ्यातच पडला. "आरं, माझं पोट बिघडलं व्हतं," म्हणाला. "ताकाला विरजण पायजे व्हतं."

समारोपाला दादा आले. आयुष्यात ते पहिल्यांदा माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला येत होते. बाजारातून सुट्टी घेऊन, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून कळंबहून एसटीनं आले. उत्कृष्ट स्वयंसेवक म्हणून माझं नाव पुकारलं जाणार, हे सरांनी मला आधीच सांगितलं होतं. दादांनी ते ऐकावं, बघावं, एवढ्यासाठी मी त्यांना बोलावलं होतं. दुसरं काही मला नको होतं. मी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली. ते "नगं, हितंच बरं हाय" म्हणत पार मागं लिंबाखाली जाऊन बसले.

कार्यक्रमात आधी पथनाट्य होतं. त्यात हा सरपंच. आणि सरपंचाला डोक्याला रुमाल पाहिजे, हे त्याला ऐनवेळी आठवलं. मी व्यासपीठाजवळून बघत होतो. समोर एवढे गावकरी बसलेले, त्यांच्या डोक्यांवर एवढे रुमाल, टोप्या; पण हा नेमका लिंबाखाली गेला. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण मला माहीतच होतं: आसंल तर द्या, नसंल तर जरा बसतो. दादांच्या डोक्यावरचा रुमाल मी परक्या माणसांपुढं उतरलेला कधी बघितला नव्हता. त्यांनी तो सोडला. नुसता दिला नाही, त्याला खाली बसवून स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला बांधला, दोनदा मागं सरून बघितलं आणि एक पदर पुन्हा नीट खोचला.

नाटक झाल्यावर तो परत तिथंच जाऊन बसला. आणि मग माझं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. सरांनी माझ्या हातात स्मृतिचिन्ह दिलं, गुलाबाचं फूल दिलं, माझ्याविषयी फार चांगलं बोलले. मी लिंबाकडं बघितलं. दादा हसत होते. माझ्याकडं बघून नाही. त्याच्याकडं तोंड करून, उघड्या डोक्यानं, गुडघ्यावर हात मारून हसत होते. मी त्यांना तसं हसवलेलं मला आठवत नाही. तो डोक्याला माझ्या बापाचा रुमाल बांधून बसला होता.

एसटीत दादांनी स्मृतिचिन्ह मांडीवर घेतलं, हातानं पुसलं आणि "चांगलं हाय" म्हणाले. मी विचारलं, रुमाल कुठं आहे? "न्हेला त्या पोरानं. दील की," म्हणाले. आणि ढोकी गेल्यावर, बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लई मोकळं पोरगं हाय."

तो पदवीधर झाला नाही. एक विषय राहिला तो राहिलाच. मी पदवी घेतली, बी.एड. केलं, उमरग्याकडं एका शाळेत लागलो. हे सगळं सरांमुळं, माझ्या गावच्या शाळेतल्या गुरुजींमुळं आणि दादांच्या पाठीमुळं झालं, हे मी विसरलेलो नाही. पहिल्या पगारापासून मी दादांसाठी काही ना काही नेतो. चांगलं ब्लँकेट नेलं, चपला नेल्या, फोन नेला, पांढऱ्या रुमालांची जोडी नेली. दादा प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघतात, "चांगलं हाय" म्हणतात आणि ट्रंकेत ठेवतात. "लागंल तवा काढीन." अजून लागलेलं नाही.

तो रुमाल मात्र परत आला होता. मी नोकरीवर असताना तो कळंबच्या बाजारात दादांना शोधत आला. रुमालाच्या गाठीत भुईमुगाच्या शेंगा. आणि जाताना दादांची तंबाखूची डबी घेऊन गेला. पुढं डबी द्यायला आला, तो विळा घेऊन गेला. ढोकीच्या रस्त्याला त्याचं आता ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचं दुकान आहे. पण बाजारच्या दिवशी तो कळंबला असतो, आणि कळंबला असला की दादांकडं असतो, हे सगळं मला आईकडून कळायचं. दादांचा गुडघा दुखतो हे आधी त्याला कळलं, मग मला. मी डॉक्टरांकडं नेलं, औषधं आणली, पैसे लागले ते भरले. पण दुखतंय हे दादांना सांगावंसं वाटलं ते त्याला. हे मला आजही खुपतं, आणि ते खुपायचं थांबेल असं वाटत नाही.

परवा कळंबला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. एका दिवसाचं म्हणून गेलो, ते दुसऱ्या दिवसावर गेलं. मी घरीच मुक्काम केला. बरोबर काहीच नेलं नव्हतं. सकाळी आंघोळ करून निघायच्या घाईत ओलं डोकं पुसत बाहेर आलो. दादा उंबऱ्याशी बसले होते. आई पाण्याला गेली होती. मी सहज विचारलं, "दादा, कंगवा आहे का हो?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. मग एकदम हसायला लागले, तसंच, गुडघ्यावर हात मारून. मला काही कळेना.

"त्या दिशी लिंबाखाली त्यो हेच म्हनला व्हता," ते म्हणाले. "म्हनला, मामा, अख्ख्या कॉलेजाचा कंगवा वापरून झालाय, तुमच्या पोराचा तेवढा ऱ्हायलाय. त्यो कुनाला काय मागत न्हाय आन् देत न्हाय, कसं करावं."

माझं नाव पुकारलं जात होतं तेव्हा ते यावर हसत होते तर.

दादांनी खिशात हात घातला आणि एक काळा कंगवा काढून माझ्यापुढं धरला. दोन-तीन दात पडलेले. दादांच्या डोक्यावर आता विंचरण्याजोगं फारसं काही राहिलेलं नाही.

"हा कुणाचा?"

"त्याचाच. दुकान टाकल्यावर घेतला म्हनं त्यानं." दादा जरा दुसरीकडं बघत म्हणाले, "म्या मागून आनलाय."

आयुष्यभर कुणापुढं हात न पसरलेल्या माझ्या बापानं ज्या एका माणसाकडं काही मागितलं, तो मी नव्हतो. मी कंगवा घेतला. निघून जाता आलं असतं, आतल्या आरशापुढं जाता आलं असतं. मी तिथंच उंबऱ्यात उभा राहिलो आणि भांग पाडायला लागलो.

"परत द्यायचाय," दादा म्हणाले.

"देतो."

"तुझ्या शाळंत पोरं किती हायती?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मारतोस का त्यांना? मी म्हटलं, नाही. मग विचारलं, दुपारी जेवतोस कुठं, डबा गार होतो का. मी सांगत गेलो. प्रशिक्षणाची वेळ होत आली होती. माझे केस कधीच विंचरून झाले होते. मी कंगवा फिरवत राहिलो.